मांजेवाल्याचे हात

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझी मलाच लाज वाटते.

मी तेव्हा चंद्रपुरात ठाणेदार होतो. एका कारखान्याच्या वसाहतीत जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी दिवे बसवत होते. काढलेल्या पट्ट्या, चोक, नळ्या गोदामात ठेवल्या होत्या. त्यातला निम्मा माल गायब झाल्याची तक्रार आली. गुन्हा नोंदवला. दोनच दिवसांत खबऱ्याने सांगितलं की शहरातल्या एका मांजेवाल्याच्या घरी नळ्यांचा ढीग पडला आहे.

पन्नाशीचा, गरीब स्वभावाचा माणूस. नवरा-बायको मिळून पतंगाचा मांजा करायचे. काचेच्या मांज्यावर तेव्हा आजच्यासारखी बंदी नव्हती. त्याला ठाण्यात बोलावून समोर बसवलं, तर त्याचे हात कापत होते.

तोंड खोटं बोलतं, हात खोटं बोलत नाहीत, हा माझा नोकरीतला ठोकताळा. त्यावर बरेच गुन्हे उघडकीस आणले होते, आणि त्याची मला घमेंडही होती.

"काऊन थरथरून राह्यला?" हवालदाराने त्याला विचारलं.

"साहेब, दोन सालापासून असेच हायेत. मी नळ्या इकत घेतल्या, चोरल्या नाई. गोदामाच्या चौकीदारानं आणून देल्या."

चौकीदार तर आमचा साक्षीदार होता. चोरी झाल्याचं त्यानेच आधी सांगितलं होतं. मी केस डायरीत लिहिलं, 'संशयित प्रकृतीचा बहाणा करतो.' आवाज चढवला, तेव्हा तो रडला. आता कबुली येणार, असं मी धरून चाललो. संध्याकाळी सोडलं आणि सकाळी परत हजर राहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको डबा घेऊन आली. बाकावर बसून त्याच्यासाठी थर्मासमधून चहा ओतायला लागली, तर अर्धा चहा फरशीवर. तिचे हात त्याच्यापेक्षा जास्त कापत होते. हवालदार फरशी पुसायला फडकं घेऊन आला आणि हळूच मला म्हणाला, "साहेब, बाईनं तं काई चोरलं नाई ना?"

मी बाईला विचारलं, नळ्यांचं करता काय?

"कुटतो न साहेब. कितीक सालापासून भंगारातल्या नळ्या आणतो. पतली काच असते, मैद्यावानी पीठ होते. मंग भाताच्या लुगदीत टाकून शिजवतो. खिडक्या लावून घेतो, नाई तं पीठ उडून जाते." बोलताना तिच्या सुजलेल्या हिरड्या दिसत होत्या.

दोघांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी धंदा विचारला आणि कपाळाला हात लावला. ट्यूबमध्ये पारा असतो, आणि तो अंगात गेला की हात कापतात, हिरड्या सुजतात. नळी फुटली की त्याची वाफ होते, आणि बंद खोलीत ही दोघं ती वर्षानुवर्षं श्वासात घेत होती. मला तरी कुठे ठाऊक होतं? ठाण्यातली फुटकी ट्यूब आम्हीही झाडूने गोळा करून कचऱ्यात टाकायचो.

मग चौकीदाराला समोर बसवलं. त्याचे हात अगदी स्थिर होते. गेटच्या रजिस्टरवर माल बाहेर सोडल्याच्या त्याच्याच सह्या दाखवल्या, तेव्हा तासाभरात त्याने सगळं कबूल केलं. चोकमधलं तांबं भंगारात विकलं होतं. नळ्या कोणी घेईना, म्हणून त्या मांजेवाल्याच्या गळ्यात मारल्या.

मांजेवाल्याचे हात काही महिन्यांनी बरेच सावरले. बाईचे सावरले नाहीत. काचेचं पीठ चाळायला तीच बसायची. मी माफी मागायला घरी गेलो, तेव्हा तो तिला घास भरवत होता. मला पाहून उठला आणि म्हणाला, "बसा साहेब, चाय ठेवतो." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माणूस दुखणं सांगत असेल तर आधी दुखणं पाहावं, गुन्हा नंतर. हे शिकायला मला अख्खी नोकरी लागली. डायरीतलं ते वाक्य माझ्याच अक्षरात तसंच आहे.

आता सत्तरी जवळ आली. चहा घेताना माझाही हात हलतो. सून लगेच पुढे होते, कपाला हात लावते, "बाबा, सावकाश" म्हणते. काय लपवलं, असं मला कोणी विचारत नाही.