शाफ्टमध्ये 'बरं' म्हणू नये

लिफ्टवाल्या काकांचं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि ऐकणाऱ्याला पळून जायची सोय नसली की ते मत विशेष खुलत असे. त्यामुळे लिफ्टमध्ये अडकलेली माणसं हा त्यांचा लाडका श्रोतृवर्ग. दोन मजल्यांच्या मधे डबा लटकलेला, आतल्या माणसाच्या कपाळावर घाम, आणि दाराच्या फटीतून काकांचा संथ, भरदार आवाज.

"घाबरू नका, पडत नाही ती. चार दोर आहेत. माणसाचं नातं एका दोरावर टिकतं, लिफ्टला चार लागतात. ते दार बंद करायचं बटण दाबलंत ना मघाशी? सगळेच दाबतात. या लिफ्टमध्ये ते कशालाच जोडलेलं नाही."

"मग ठेवलंय कशाला?" आतला माणूस केविलवाणेपणाने विचारी.

"काढलं होतं एकदा. आठवड्यात अर्ज आला. दार बंद व्हायला नको असतं हो लोकांना, ते आपण केलं असं वाटायला हवं असतं. समाज असाच चालतो."

एवढं होईतो दार उघडलेलं असे. सुटलेला माणूस आभार मानी आणि उरलेले मजले जिन्याने चढून जाई.

आरशाबद्दलही त्यांचं असंच होतं. लिफ्ट हळू चालते अशी सगळ्या इमारतीची ओरड होती, तेव्हा आत एक आरसा बसवला आणि ओरड थांबली. वेग तोच, फक्त प्रत्येकाला आपलं तोंड बघायला मिळालं. "माणसाची प्रगती म्हणतात ती हीच," काका म्हणत. पण त्यांचा खरा राग होता तो कानात यंत्रं अडकवून फिरणाऱ्यांवर. त्या यंत्रांना ते 'बुचं' म्हणत. "देवाने कानाला झाकण दिलं नाही, त्यामागे काही विचार असेल की नाही? आणि हे बघा, बाटलीसारखं बूच लावून हिंडतात. बूच लावलेल्या माणसाला कळणार काय, जग कुठे घासतंय ते?"

हे बोलायचा त्यांना हक्क होता. कारण काका लिफ्ट बघत नसत, ऐकत. एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता त्यांच्याकडे. त्याचं टोक मोटरच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. दुखरं पोट चाचपावं तसं त्यांचं ऐकणं त्या लोखंडात फिरून येई. मग डोळे उघडून ते म्हणत, "डावीकडचं बेअरिंग. महिनाभर काढेल." आणि बेअरिंग खरोखरच महिनाभर काढी.

त्यांच्याबरोबर काम करणारा चाळिशीचा गृहस्थ पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, तेव्हापासून तो जावईबापू. ग्रीसच्या डब्याशी काम, पण शर्टाची इस्त्री कधी चुकली नाही. काका त्याला चिडवत आणि जीवही लावत. जावईबापू मतं ऐकून घेई, मधेमधे हुंकार देई, आणि एक गोष्ट मात्र चुकूनही करत नसे. शाफ्टमध्ये असताना तो 'बरं' म्हणत नसे.

तो काकांचाच कायदा. ज्या उभ्या विहिरीतून लिफ्ट ये-जा करते तिला शाफ्ट म्हणायचं. जुन्या लिफ्टची तपासणी दोघांनी करायची असते. एक जण डब्याच्या छपरावर उभा, दुसरा सगळ्यात वरच्या मशीनरूममध्ये, बटणापाशी. छपरावर थांबवायचं लाल बटण असतं, चालवायचं नसतं. दोर जाण्यासाठी मशीनरूमच्या जमिनीत जे भोक असतं, त्यातून एकाने ओरडायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. छपरावरचा म्हणणार 'वर', मशीनरूममधला उलट विचारणार 'वर?', छपरावरचा पुन्हा म्हणणार 'वर', आणि मगच लिफ्ट हलणार. आता एवढ्या अंतरावरून, भिंतींवर आपटत येणारं 'बरं' ऐकू कसं येतं? 'वर' असं. म्हणून शाफ्टमध्ये 'बरं' बंद. 'ठीक' म्हणा, 'हो' म्हणा, नाहीतर गप्प बसा.

काकांच्या घरात मात्र याचा सूड उगवला जाई. काका जेवताना समाजाविषयी काही बोलले की काकू ताटावरून नजर न उचलता म्हणत, "बरं." त्यापुढे काकांना चर्चा नेता येत नसे.

तपासणीचे दिवस आले. नदीकडच्या जुन्या कार्यालयाची लिफ्ट होती. जावईबापू छपरावर, काका मशीनरूममध्ये. चौथ्या मजल्याच्या तुळईखाली एक खिळखिळा ब्रॅकेट दिसला म्हणून जावईबापूने टॉर्च तुळई आणि डब्याची चौकट यांच्यामधे टेकवला आणि हात आत घातला. मशीनरूममधून काकांनी विचारलं, "झालं का?"

"अजून नको! वर नको!" जावईबापू ओरडला.

काकांनी ऐकलं, 'वर'. उलट विचारलं, "वर?"

"वर नको!"

'वर.' दोनदा आलं. कायद्याप्रमाणे झालं. काकांनी बटण दाबलं.

जावईबापूने हात काढला, लाल बटणावर मूठ मारली आणि लिफ्ट थांबली. टॉर्च मात्र वेळेत निघाला नाही. तो चपटा होऊन तुळईला चिकटून राहिला होता, आणि आश्चर्य म्हणजे अजून जळत होता.

जावईबापू जिने चढून मशीनरूममध्ये आला तेव्हा त्याचा शर्ट कोपरापर्यंत फाटलेला होता. चपटा टॉर्च त्याने काकांपुढे धरला. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला. टॉर्च चपटा झाला होता, मत नाही.

"चूक तुझी आहे," काका म्हणाले. "शाफ्टमध्ये 'वर' म्हटलं की वर. 'वर नको' असा शब्दच नाही आपल्याकडे. 'थांबा' म्हणायचं होतंस."

"मान्य. चुकलो. पण काका, 'नको' ऐकू आलं का तुम्हाला?"

"इथे पंख्याचा आवाज किती आहे बघ."

जावईबापूने वर बघितलं. "पंखा महिनाभर बंद आहे, काका."

दोघेही पंख्याकडे बघत राहिले. पात्यांवर धूळ साचली होती.

"साहेबांना मी सांगणार नाही," जावईबापू शेवटी म्हणाला. "पण तुम्ही बटणापाशी असाल तर छपरावर मी चढणार नाही. मला दोन मुली आहेत. कानाचं काहीतरी करा."

"माझ्या कानाला काय झालंय? अजून बेअरिंग ऐकतो मी!"

"बेअरिंग बोलतं हाडातून. मी बोलतो तोंडातून."

हे वाक्य काकांना मनातून आवडलं. आपणच म्हणायला हवं होतं, असंही वाटून गेलं.

साहेबांना कळलं तर काय होणार हे त्यांना माहीत होतं. वय झालेल्या मिस्त्रींना कंपनी काढत नसे, ऑफिसात तक्रारींचे फोन उचलायला बसवत असे. ऐकू येत नाही म्हणून दिवसभर ऐकायचं काम. यावरही एरवी त्यांनी छानसं मत दिलं असतं. त्या संध्याकाळी मात्र ते मुकाट्याने घरी गेले आणि काकूंना म्हणाले, "जावईबापू म्हणतो मला ऐकू येत नाही."

"मीही म्हणते," काकू म्हणाल्या.

"कधी म्हणालीस?"

"वर्षभर म्हणतेय. सगळं दोनदा बोलते. एकदा तुमच्यासाठी, एकदा शेजाऱ्यांसाठी." मग त्यांच्या तोंडाकडे बघून त्यांनी भाजीची परात बाजूला सारली. "जाऊन या की तपासायला. यंत्राचा माणूस यंत्राला घाबरतो का?"

दुसऱ्या दिवशी काका कानाच्या दवाखान्यात गेले. यंत्र खोटं बोलत नाही, खोटं माणूस बोलतो, असं ते आयुष्यभर सांगत आले होते. त्यांना एका छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना स्पंज लावलेला, समोर एक काच, काचेपलीकडे तपासणारी तरुण मुलगी. कानांवर जाड हेडफोन चढले. हातात एक बटण आलं. बारीक आवाज आला की दाबायचं, एवढंच.

काकांनी आधी खोलीची तपासणी केली. दाराचं रबर नीट होतं, बिजागरी नवी होती. बटण सुटं सुटं वाटत होतं. मग त्यांचं लक्ष काचेवर गेलं. मुलगी यंत्राची कळ दाबायची तेव्हा तिचा उजवा खांदा किंचित हलत होता. पहिले दोन आवाज त्यांना खरंच ऐकू आले. नंतर काही ऐकू येईना, पण खांदा हलत होता. काकांनी बटण दाबलं. खांदा हलला, बटण दाबलं. ताल जमला. आयुष्यभर यंत्रांचा ताल ओळखलेला माणूस. शाळेतल्या पोरासारखे ते खुशीत आले.

थोड्या वेळाने मुलीने दार उघडलं आणि ती हसू दाबत म्हणाली, "काका, शेवटच्या बारा वेळा मी आवाज सोडलाच नव्हता. नुसता खांदा हलवत होते."

"का?"

"इथे येणारे सगळे मिस्त्री असंच करतात. गिरणीवाले तर माझ्या डोळ्यांकडे बघून दाबतात." तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली. "आता पुन्हा करू."

या खेपेला समोर नुसता स्पंज होता. काका वाट बघत बसले. त्यांच्या लक्षात आलं की आपण ज्याला शांतता समजत होतो ती शांतता नाही. कुणीतरी समोर उभं राहून बोलत असावं आणि फक्त ओठ हलावेत, तसं ते होतं. हातातलं बटण घामाने ओलं झालं. बऱ्याच वेळाने एक आवाज आला, तेव्हा त्यांनी बटण दाबलं. मग परत कितीतरी वेळ काहीच नाही.

मुलीने शेवटी एका छोट्या डबीतून जे काढून हातावर ठेवलं, ते दिसायला हुबेहूब बूच होतं.

काकांनी ते घेतलं आणि खिशात ठेवलं. कानात नाही, खिशात. रस्त्याने चालताना त्यांना एक युक्ती सुचली आणि ती इतकी सोपी होती की त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. सकाळी त्याच लिफ्टपाशी ते जावईबापूला म्हणाले, "तू बटणापाशी थांब. छपरावर मी चढतो."

"तुम्ही? या वयात?"

"अरे, छपरावरच्याने फक्त ओरडायचं असतं. ऐकायचं खालच्याने... म्हणजे वरच्याने. ज्याला ऐकू येत नाही त्याने हुकूम द्यावेत आणि ज्याला ऐकू येतं त्याने पाळावेत. सगळीकडे असंच चालू आहे. आपणच उलटं करत होतो."

जावईबापू हसला, पण अर्धवट. काकांना छपरावर चढताना आधार देऊन तो जिने चढून गेला.

छपरावर अंधार होता. ग्रीसचा आणि जुन्या धुळीचा वास होता. खाली सहा मजल्यांची पोकळी, वर चार दोर ताणून अंधारात शिरलेले. काका इथे कित्येक वर्षांत उभे राहिले नव्हते. बटण नेहमी त्यांच्या हाताखाली असायचं. आता हात रिकामे होते आणि पाय दुसऱ्या कुणाच्या तरी भरवशावर टेकलेले होते.

"खाली!" ते ओरडले.

लिफ्ट हलली नाही.

"खाली म्हटलं ना!"

काही नाही. काकांना राग आला. झोपला की काय हा? की मुद्दाम? पाय अवघडू लागले. मग त्यांना आठवलं की आपलं ओरडणं हा हुकमाचा फक्त पहिला भाग आहे. वरून विचारलं गेलं पाहिजे, आणि आपण ते ऐकून पुन्हा सांगितलं पाहिजे. तोवर जावईबापू बटणाला बोट लावणार नाही. कायदा पाळतोय तो. तो वर उभा असेल, भोकाशी वाकून, आणि विचारत असेल. इथे आपल्याला नुसतं भिंतींचं गुरगुरणं येतंय.

दोघांनी किती वेळ एकमेकांची वाट पाहिली कोण जाणे. अखेर काकांनी इकडेतिकडे पाहिलं. अंधारात बघणारं कुणी नव्हतं, तरीही पाहिलं. मग खिशातून ते बूच काढलं, फुंकर मारली आणि कानात बसवलं.

आधी एक खरखर आली. तिच्या मागोमाग, अगदी शेजारी उभं राहून बोलावं तसा, जावईबापूचा आवाज.

"खाली का, काका? चौथ्यांदा विचारतोय! काका? बरे आहात ना? काहीतरी बोला हो!"

आवाज घाबरलेला होता. काकांना वाटलं होतं त्यापेक्षा बराच तरुण होता.

"खाली," ते हळूच म्हणाले. मग लक्षात येऊन मोठ्याने, "खाली!"

लिफ्ट अलगद सुटली. दोर सळसळले. आणि त्यांच्या डाव्या पायाजवळ कुठेतरी काहीतरी चीं-चीं करू लागलं, उंदराच्या पिल्लासारखं.

"थांब!" लिफ्ट जागच्या जागी थांबली. "जावईबापू, हे चिरकतंय काय? कधीपासून?"

वरच्या भोकातून उत्तर आलं, त्यातला शब्दन् शब्द स्वच्छ.

"वर्षभर झालं, काका. मी म्हणत होतो, तुम्ही म्हणत होता लिफ्टचं काही नाही, हल्लीची माणसंच चिरकी झालीत."

काका गुडघ्यावर बसले आणि अंधारात हाताने ती घासणारी जागा शोधू लागले.