खालच्या पट्टीतला नंबर

रेणूला मी कामावर ठेवलं तेव्हा तिला माऊससुद्धा धरता येत नव्हता, असं मी लोकांना सांगतो. साफ खोटं आहे. ती मंगरूळपीरला क्लास करून आली होती आणि पंधरा दिवसांत माझ्याच चुका काढायला लागली.

शेलूबाजारात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस तोंडं बसवायची आणि एखादं दुसऱ्यापेक्षा बारीक झालं की भांडण थेट दुकानात. रेणूने बसवलेल्या गर्दीत प्रत्येकाला आपणच मोठे आहोत असं वाटायचं. "राजूभाऊ, हात हाय तुमच्यात!" गिऱ्हाईक म्हणायचं. मी आयत्या बिळावरचा नागोबा, मान डोलवायचो.

तिचे आईबाप, सेवादास आणि कमलीबाई, दरवर्षी दिवाळीनंतर तांड्यावरून ऊसतोडीला जातात. कमलीबाईचे गुडघे आता साथ देत नाहीत. "मले नागपूरले नोकरी लागली का आईले औंदा जाऊच देत नाही," रेणू म्हणायची. त्यासाठी तिने पोर्टफोलिओ करायला घेतला, म्हणजे आपल्या निवडक कामांचं पुस्तक. तीन आठवडे ती जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यावर बसली. लग्नपत्रिका, शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं पोस्टर, बेबीबाईच्या पापडाचं लेबल. चाळीस तोंडांचा फ्लेक्स त्यात एकही नव्हता. ते पाहून मला राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही.

"पाहा न भाऊ, काई चुकलं काय?"

चुकलं होतं. आमच्या धंद्यात फ्लेक्सच्या तळाला पट्टी टाकतात. त्यात दुकानाचं नाव आणि मालकाचा नंबर. करणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. चार वर्षांच्या सवयीने तिने प्रत्येक पानाखाली तीच पट्टी टाकली होती. पहिल्या पानावर तिचं नाव होतं, नंबर मात्र सगळीकडे माझा. मेलही दुकानाच्याच आयडीवरून जाणार होता.

मला ते दिसलं.

"झकास हाय. पाठवून दे," मी म्हणालो.

आठव्या दिवशी फोन आला. नागपूरच्या मॅडम होत्या. "रेणू आहेत का? पापडाचं लेबल आम्हाला फार आवडलं. सोमवारी भेटायला येऊ शकतील?"

रेणू माझ्यापासून चार हातांवर एका पुढाऱ्याच्या गालावरचे डाग पुसत बसली होती. निवडणूक तोंडावर आलेली. ती गेली असती तर दुकान दोन दिवसही चाललं नसतं. हे कारण मी स्वतःला अजून देतो, पण ते पुरत नाही.

"ते काम दुकानाचं हाय मॅडम," मी दाराबाहेर जाऊन म्हणालो. "पोरगी फक्त कॉम्प्युटर चालवते."

"कोनाचा फोन व्हता, भाऊ?" मी आत आल्यावर तिने विचारलं.

"राँग नंबर."

दिवाळी झाली. ऊसतोडीचा ट्रॅक्टर दुकानासमोर थांबला. रेणूने आईच्या हातात भाकरीचं फडकं दिलं. कमलीबाईने वरूनच मला हात जोडले. "पोरीले सांभाळजा भाऊ, तुमच्याच भरवशावर हाय."

ट्रॅक्टर गेल्यावर रेणू कॉम्प्युटरवर बसली आणि तिने ते पुस्तक पुसून टाकलं.

"काहून?" मी विचारलं.

"एकाचाबी फोन नाही आला. माह्यातच काई कमी असन."

त्या मॅडमचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी तो रेणूला अजून दिलेला नाही.