तिसऱ्या पेडाची ओवी

बायकोने घडवलेल्या चांदीच्या कड्यांवर कोरलेल्या ओव्या माझ्या आईच्या नाहीत. त्या मी लिहिल्यात. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

बायको घाटकोपरच्या आमच्या घरात दागिने करते. चांदीची तार तीन पेडांत गुंफायची, तिचं कडं करायचं. आतल्या बाजूला तिला केसांवरच्या जुन्या ओव्या कोरायच्या होत्या. "आईंना विचार ना, कोकणातल्या आहेत." स्वतः विचारणार नव्हती. सासूसुनेचं बोलणं तेव्हा चहा आणि गोळ्या एवढ्यावर आलं होतं.

मी विचारलं. आई म्हणाली, "गाणी म्हणूक येळ कोणाक होतो रे?"

मग ऑफिसात, रजेच्या अर्जाच्या पाठीवर, मीच एक ओवी लिहिली.

तीन पेडांची गं वेणी, दोन पेड माहेराचे
तिसऱ्याला सदा गुंता, गुण त्याचे सासरचे

आईची म्हणून दिली, बायकोने दोनदा वाचली. "आईंनीपण सोसलंय रे." दुसऱ्या दिवशी खोबरेल घेऊन ती आईच्या मागे बसली. सुपारीएवढा अंबाडा, पण तेल लावायला अर्धा तास, आणि तोंडं दोघींची चालू. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पेपरात तोंड घातलं. नंतर आणखी दोन ओव्या पाडल्या.

मुलुंडच्या प्रदर्शनात एक बाई कडं बघून म्हणाल्या, "अगंबाई, ही तर आमची आजी म्हणायची." मी मान डोलावली. नालायकपणाला सवय होते.

त्याच संध्याकाळी बायकोने आईला माइकसमोर बसवलं. "आई, तुमची ओवी म्हणा ना." आता वाट लागणार, मी दाराकडे सरकलो. आईने एक कडं उचललं, चष्म्याजवळ धरून आतलं वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. नीट, सावकाश. आणि कुठून आणली कोण जाणे, अशा चालीत ओवी म्हटली. टाळ्या. बायकोने डोळे पुसले.

बायको स्टॉलवर थांबली. आईला मी रिक्षाने घरी आणत होतो. भांडुपला ती माझ्याकडे वळली.

"सासरचो गुंतो म्हणजे मीच मां रे?"

"तसं नाही गं, आई..."

"तिका सांगू नको. माझा तेल बंद होतला."

तेल अजून चालू आहे, रोज सकाळी. बायकोला मी तीन ओव्यांमागचं सत्य देणं लागतो. आणि आईला एक ओवी, सासूच्या बाजूने.