गोड्या पाण्याचे चार दिनार

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी आधीच माफी मागते.

मी इथे आखातात, जनाबियात एका ब्राझीलच्या मॅडमकडे घरकाम करते. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांची देवी आहे, दांदालुंडा. मूर्ती नाही. पिवळं कापड, आरसा, मधाची वाटी आणि पाण्याचं पांढरं भांडं. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी तिला ब्राझीलला सोबत नेलं, असं मॅडम सांगतात. नदीची, गोड्या पाण्याची देवी. मूलबाळ देते.

"आरसा कशाला?" मी विचारलं होतं.

"नटवी आहे ती. तुझ्यासारखी मान खाली घालून बसत नाही," मॅडम हसल्या.

मॅडमना मूल नव्हतं. उपचारासाठी दोन महिने माहेरी निघाल्या, तेव्हा चार दिनार माझ्या हातावर ठेवले. दर शनिवारी अर्ध्या दिनारचा पाण्याचा बाटला आणायचा, भांडं धुऊन भरायचं. "नळाचं नको हं. ते समुद्राचंच, मीठ काढलेलं. ती खारं पीत नाही."

त्याच महिन्यात गावी माझ्या लेकीचं डोहाळजेवण होतं. मला रजा नव्हती. निदान हिरवी साडी तरी, म्हणून ते पैसे पाठवले. आठही शनिवारी देवीला नळाचं पाणी घातलं. साडी नेसलेल्या लेकीचा फोटो आला, तो मला धड बघवेना. आम्ही देवीची ओटी भरणारी माणसं. मी देवीचं काढून लेकीची भरली.

मॅडम परत आल्या. "नाही राहिलं," एवढंच म्हणाल्या. भांड्यापाशी बसल्या, बोट बुडवून जिभेला लावलं. मी दारात उभी होते. सगळं सांगून टाकलं.

त्यांनी भांडं जागेवर सरकवलं. मग म्हणाल्या, "माझं राहिलं नाही ते तुझ्यामुळे नव्हे. पण तिला तू खारं पाजलंस."

"पगारातून कापा, मॅडम."

"ते पैसे माझे नाहीत. तिचे आहेत, तिला दे. आणि मुलीला सांगू नकोस. नेसू दे साडी."

तेव्हापासून दर शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून माझ्या पैशाने बाटला आणते. ओतताना आरशात माझं तोंड दिसतं, म्हणून नजर भांड्यातच ठेवते.

आज आठवा ओतला. चार दिनार फिटले.