न हलणारी दुर्बीण

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कालगुर्लीत मराठी घरं मोजकीच. बहुतेक सगळे खाणीत, दोघं-तिघं हॉस्पिटलमध्ये. त्यामुळे गणपतीला कुणी नवीन दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या माइनला?" चारुता पेंढारकरला हा प्रश्न विचारला की ती सरळ सांगते, "माइनला नाही. मी डॉगर आहे. मेंढ्या मारणारी रानकुत्री मारते." आणि मग शांतपणे कोशिंबीर वाढून घेते.

ती पर्थच्या युनिमध्ये पर्यावरण शिकायला आली आणि इथलीच झाली. आधी एका खाण कंपनीसाठी झाडाझुडपांचे सर्वे करायची. त्या कामात तिला मातीवरचे ठसे वाचायचा नाद लागला. आसपासच्या मेंढीवाल्यांनी वर्गणी काढून एक मंडळ केलंय, त्यांना डॉगर हवा होता. तिने अर्ज केला आणि तिलाच काम मिळालं. नवरा यतिन खाणीत मेंटेनन्सला. त्याने एवढंच विचारलं होतं, "तुला जमेल ना गं? म्हणजे, मारायला?" ती म्हणाली होती, "बघू."

जमलं. सापळे लावणं, विषारी आमिषं पुरणं आणि गरज पडली तर रायफल. दिवसाला दोन-तीनशे किलोमीटर गाडी.

मागच्या हिवाळ्यात तिची आई, शोभाताई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. एलआयसीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. सहकारनगरच्या त्यांच्या गल्लीत त्या रोज सकाळी दहा-बारा कुत्र्यांना दूध-पोळी घालतात, त्यांना नावं देतात, दवाखान्यात नेतात. चारुता त्याच घरात वाढली. लेक काय काम करते ते शोभाताईंना ठाऊक होतं, पण फोनवर दोघी तो विषय काढत नसत. जेवलीस का, थंडी आहे का, यतिनची शिफ्ट कुठली, यावरच बोलणं संपायचं.

इथे आल्यावर दोन दिवसांत शोभाताईंना घर खायला उठलं. त्या म्हणाल्या, "मला ने की तुझ्याबरोबर. गाडीत बसून राहीन."

"आई, तुला नाही आवडणार ते."

"आवडायला कुठे येतेय? बघायला येतेय."

त्या दिवशी ग्लेनिसच्या स्टेशनवर जायचं होतं. स्टेशन म्हणजे इकडे हजारो एकरांचं मेंढ्यांचं रान. ग्लेनिस साठीची विधवा बाई, ते रान एकटी सांभाळते. कोकरं जन्मायचे दिवस होते आणि रोज सकाळी दोन-तीन फाडलेली सापडत होती. ग्लेनिसने शोभाताईंना चहा दिला आणि कुंपणाजवळ नेऊन एक मेंढी दाखवली. जिवंत होती, पण मागचा भाग कुरतडलेला. शोभाताईंनी पदर तोंडाला लावला.

तासाभराने पाण्याच्या टाकीजवळ चारुताला कुत्रा दिसला. पिवळट, उंच कानांचा. अंतर दोनशे मीटरच्या आतलं. तिने गाडी थांबवली, खाली उतरून बॉनेटवर वाळूची पिशवी ठेवली, त्यावर रायफल टेकवली, दुर्बिणीतली फुली खांद्यामागे धरली आणि श्वास सोडून चाप ओढला.

कुत्रा जागेवर पडायला हवा होता. तो केकाटला, गोल फिरला आणि मागचे पाय ओढत झुडपांत शिरला.

"आई, गाडीतच थांब," असं म्हणून चारुता त्याच्या मागे गेली. रक्ताच्या थेंबांवरून आणि ओढलेल्या पायांच्या रेघांवरून माग काढत बरीच लांब गेली. शेवटी तो एका मलगाच्या झाडाखाली सापडला, धापा टाकत तिच्याकडेच बघत होता. तिने जवळून गोळी घातली.

परत आली तेव्हा शोभाताई तशाच बसल्या होत्या, काच वर करून.

"मेला?"

"हो."

"लगेच?"

"नाही, आई."

संध्याकाळी घरी शोभाताईंनी खिचडी टाकली, पापड भाजले, यतिनला वाढलं. मग लेकीच्या ताटात तूप घालता घालता त्यांनी विचारलं, "तुझा नेम चुकला की बंदूक चुकली?"

चारुता जेवण अर्धवट टाकून उठली, तिजोरीतून रायफल काढली, रिकामी आहे ना ते बघितलं आणि दुर्बीण मुठीत धरून हळूच हलवली. हलली. अगदी केसभर, पण हलली.

दुर्बीण रायफलवर थेट बसत नाही. रायफलच्या पाठीवर स्क्रूने पट्ट्या बसवतात, पट्ट्यांवर दोन रिंगा आणि रिंगांच्या कवेत दुर्बीण. हे सगळं मिळून माउंट. चारुताची रायफल दुर्बिणीसकट पॅकेजमध्ये घेतलेली. माउंट हलक्या अॅल्युमिनियमचा, पुढे एक आणि मागे एक अशा दोन सुट्या तुकड्यांचा. इथल्या कच्च्या रस्त्यांवर लाल मातीच्या आडव्या वळ्या पडतात, छपराच्या पत्र्यासारख्या. त्यावरून तासन्‌तास गाडी गेली की माणसाचे दात वाजतात, तिथे चिमुकल्या स्क्रूंचं काय होणार? पुढच्या तुकड्याचे स्क्रू सैल झाले होते. एरवी ती दर सोमवारी कागदावर गोळ्या झाडून नेम तपासायची. त्या सोमवारी आईला आणायला विमानतळावर गेली, ते राहून गेलं.

"स्क्रू आवळून टाक," यतिन म्हणाला.

"आणि परत सैल झाले तर? मला हलणारच नाही असं काहीतरी पाहिजे." तिने रायफल आत ठेवली. "ते मिळेपर्यंत मी गोळी झाडणार नाही. नुसते सापळे."

दुसऱ्या दिवशी ती बंदुकांच्या दुकानात निघाली तर शोभाताई चप्पल घालून दारात उभ्या. दुकानदार मरे, वयस्कर, दोन्ही कानांत यंत्रं. त्याने काउंटरवर तीन माउंट मांडले. एक आधीसारखाच, पण जरा बऱ्या धातूचा. दुसरा खटक्याचा: दोन लिव्हर उघडल्या की दुर्बीण रिंगांसकट हातात येते, परत बसवली की जागच्या जागी. तिसरा पोलादाचा: एक अखंड लांब पट्टी आणि जाड रिंगा, बघूनच जड.

शोभाताईंनी मराठीत विचारलं, "यातला हादऱ्याने न हलणारा कुठला, विचार त्याला."

चारुताने विचारलं. मरे म्हणाला, "खोक्यावर छापलंय ते खरं मानलं, तर तिन्ही."

ते ऐकून शोभाताई हसल्या. आदल्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

चारुताचं मन खटक्याच्या माउंटवर गेलं. विचार सोपा होता: हादरे दुर्बिणीला बसूच द्यायचे नाहीत. रस्त्यावर ती काढून मऊ पेटीत ठेवायची आणि काम पडलं की चढवायची. मरे म्हणाला, "नो वरीज, वापरून बघ. नाही पटलं तर परत आण."

ग्लेनिसच्या रानात मुरमाची एक जुनी खाण आहे. तिच्या परवानगीने चारुता तिथे नेम तपासते. मागे मातीचा उंच कडा, समोर मोकळं. आधी कागदावर नेम जुळवायचा, मग वळ्यांच्या रस्त्यावरून तासभर गाडी हाणायची, परत येऊन त्याच कागदावर झाडायचं. शोभाताई रोज बरोबर. दुर्बिणीला पेटी नको म्हणाल्या, दुर्बीण शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या.

"आई, बाळ नाहीये ते."

"तू गाडी नीट चालव."

कागदावर मधोमध काळा ठिपका असतो, तो त्या उन्हात चारुताला धड दिसेना. शोभाताईंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि मोठी लाल टिकली कागदावर चिकटवली.

"टिकलीवर गोळी झाडू?"

"दिसते ना? मग झाड."

पहिल्या दिवशी सुरेख लागलं. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी वारा सुटला, लाल धूळ सगळीकडे घुसली आणि भोकं टिकलीपासून चार बोटं लांब पडली. चारुताने लिव्हरच्या खाचेत बोट फिरवलं. पिठासारखी धूळ. ब्रशने झाडून परत बसवलं, तेव्हा गोळी पुन्हा टिकलीवर.

"म्हणजे वस्तू चांगली आहे," शोभाताई म्हणाल्या. "रोज पुसलीस की झालं."

"रोज पुसेन गं. पण एखाद्या दिवशी समोर कुत्रा असेल आणि पुसायला वेळ नसेल, तेव्हा?"

शोभाताईंनी मान हलवली. तो माउंट परत गेला.

पोलादी पट्टी बसवायला मरेने रायफल ठेवून घेतली. दोन दिवसांनी चारुता गेली तेव्हा त्याने पट्टी तशीच रायफलवर ठेवून दाखवली. मागची बाजू टेकली की पुढून कागद सरकेल एवढी फट.

"तुझ्या रायफलची पाठच सरळ नाहीये, मेट," तो म्हणाला. "स्क्रू आवळले की पट्टी वाकून बसणार आणि कायम उसळायला बघणार. आधीच्या माउंटचंही हेच झालं असेल."

त्याने फटीत घट्ट होणारा डिंक भरला, पट्टी दाबून ठेवली आणि तो सुकल्यावर मगच स्क्रू घातले. स्क्रूंचं तेल आधी पुसून काढलेलं, आट्यांना थेंब थेंब लॉकटाइट, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारं चिकट औषध. ठरलेल्या ताणाला खट वाजणारा स्क्रूड्रायव्हर चारुताच्या हातात देऊन रिंगा तिच्याकडूनच आवळून घेतल्या, थोडं इकडे, थोडं तिकडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. घरी यतिनने खाणीतली सवय केली: पांढऱ्या पेंटच्या पेनने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेपर्यंत एक रेघ ओढली.

"स्क्रू जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. गाडीतून उतरलीस की नुसती नजर टाकायची," तो म्हणाला.

रायफल आधीपेक्षा चांगलीच जड झाली. खांद्यावर टाकून दिवसभर चालायचं असतं तर चारुताने दोनदा विचार केला असता. पण तिचं काम गाडीचं. मग पुन्हा मुरमाची खाण, पुन्हा टिकल्या. आता दुर्बीण मांडीवर नव्हती, रायफल तिच्या पेटीत कुलूपबंद मागे हादरत होती. शोभाताई मोकळ्या हातांनी खिडकीबाहेर बघायच्या आणि कांगारू दिसला की लहान मुलीसारख्या ओरडायच्या. आठवडाभर रोज भोकं टिकलीच्या आसपासच पडली. धुळीच्या दिवशीही, पहाटेच्या कडाक्याच्या थंडीतही. शेवटच्या दिवशी चारुताने रायफल मुद्दाम खुर्चीच्या उंचीवरून मातीवर आडवी पाडली, उचलली आणि झाडली. टिकलीच गेली.

शोभाताईंचं परतीचं तिकीट जवळ आलं तेव्हा ग्लेनिसचा फोन आला. दक्षिणेच्या कुंपणाशी ताजे ठसे होते.

"तू घरी थांब, आई."

"नाही. येते."

तिथे एक कुत्री कोरड्या ओढ्याच्या काठाने चालली होती. अंतर तेवढंच, त्या दिवशीएवढं. चारुताने उतरून आधी पांढऱ्या रेघा पाहिल्या, मग पिशवीवर रायफल टेकवली. या वेळी शोभाताईंनी काच खाली ठेवली होती. एकच आवाज झाला. कुत्री जिथे होती तिथेच आडवी झाली. केकाटली नाही, पाय झाडले नाहीत.

शोभाताई दार उघडून उतरल्या आणि लेकीच्या मागोमाग चालत तिथपर्यंत गेल्या. वाकून बघितलं. पिवळी, हाडकुळी, एक कान फाटलेला.

"पिल्लं असतील हिला?"

चारुताने गुडघ्यावर बसून तिचं पोट पाहिलं. "नाही. दूध नाहीये."

शोभाताई म्हणाल्या, "हिला काही कळलंच नाही, नाही का?"

"नाही, आई. कळलं नाही."

"मला तुझं हे काम आवडणार नाही, चारू. कधीच नाही. पण करायचंच असेल तर असंच कर."

"हो."

गाडीकडे येताना त्यांनी चारुताचा दंड धरला होता. जमीन खडबडीत होती, हेही कारण असेल. वाटेत ग्लेनिसकडे थांबल्या तेव्हा तिने दोघींना गरम स्कोन आणि जॅम दिला, आणि शोभाताईंनी तिला थालीपीठ हाताने थापून दाखवलं. ग्लेनिसचं पहिलं थालीपीठ तव्यावर फाटलं, दुसरं बरं जमलं.

पुढच्या आठवड्यात यतिन आणि चारुता शोभाताईंना पर्थपर्यंत सोडायला गेले. त्यानंतर चारुताला मंडळाने आणखी दोन स्टेशनांचं काम दिलं. उन्हाळ्यात रायफल एकदा गाडीच्या टपावरून दगडावर पडली आणि दुर्बिणीची पुढची काच तडकली. मरेने रिंगा उघडून नवी दुर्बीण बसवली. पट्टीला त्याने हातही लावला नाही, गरजच नव्हती. यंदा ग्लेनिसच्या रानात कोकरं बरीच वाचली. परवा चारुताची गाडी भल्या सकाळी आमच्या घरावरून गेली, मागे पाण्याचे कॅन आणि सापळ्यांची पेटी, आणि ती एका हाताने सँडविच खात होती. मी हात केला. तिने दिव्यांची उघडझाप केली आणि ती पूर्वेच्या रस्त्याला लागली.