गणपतींच्या पोटमाळ्यावरची संभाव्यता

चार माणसं एका गणिताला सहा वर्षं धरून बसली की गणित निसटतं आणि किस्से उरतात. आमचं तसंच झालं. सूत्रं आता निम्मी आठवत नाहीत, किस्से मात्र एकही विसरलो नाही. फक्त हसत सांगायला घेतो आणि मध्येच दुसरा विषय काढतो, एवढंच.

चौघं म्हणजे बापट सर, कॉलेजातून रिटायर झालेले. सुनंदा, पेणच्या एका बँकेत क्लार्क. रमाकांत म्हात्रे, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांचा मुलगा, धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. आणि मी, त्याच कंपनीच्या लॅबमधला, रोह्याहून एसटीने पेणला येणारा. दर रविवारी सकाळी नऊला सुनंदाच्या भावाच्या गणपतीच्या कारखान्यात, वरच्या पोटमाळ्यावर, न रंगवलेल्या मूर्तींच्या मधोमध आमचा फळा.

सरांच्या भाच्याने अमेरिकेतून झेरॉक्स पाठवली होती. शेअरच्या ऑप्शनची, म्हणजे तो शेअर पुढे ठरल्या भावाने घ्यायच्या हक्काची, किंमत संभाव्यतेने कशी काढायची, त्याची.

पहिल्याच दिवशी सुनंदाने विचारलं, "सर, हे ऑप्शन आपल्याकडे कुठे मिळतात?"

"कुठेच नाही."

"मग शिकायचं कशाला?"

"मिळायला लागतील तेव्हा शिकायला वेळ नसेल!"

आम्हाला पटलं. म्हात्रेला तर फारच पटलं. त्याला प्लँटमधून बाहेर पडायचं होतं, मुंबईत कुठल्यातरी ब्रोकरकडे चिकटायचं होतं. त्याने बीएस्सी पहिल्या वर्षालाच सोडलेलं, पण आमच्यात सगळ्यात हुशार.

*

शेअरची किंमत कशी भरकटते ते सर शिकवत होते. "उद्या ती वर जाईल की खाली, याचा काल काय झालं त्याच्याशी संबंध नाही. किमतीला कालची आठवणच नसते!"

म्हात्रे म्हणाला, "माझ्या बापाला पण नाय, सर."

आम्ही हसलो. तो हसला नाही.

"रोज सकाळी उठतो नि विचारतो, तुझी आई कुठं गेली? आम्ही रोज सांगतो, ती वारली. रोज नव्यानं रडतो."

सरांनी खडू खाली ठेवला. त्या दिवशी वर्ग तिथेच संपला.

*

तेव्हा बाजार नुसता चढत होता. सुनंदाचे वडील रिटायर झालेले, त्यांनी फंडाचे सगळे पैसे शेअरमध्ये घालायचं ठरवलं. सुनंदाने दोन रात्री बसून हिशोब मांडला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "दादा, सगळं जायची शक्यता विसात एक आहे."

"म्हणजे एकोणीस वेळा फायदाच की गो!"

बाजार पडला. सगळं गेलं. सुनंदाचं ठरलेलं लग्नही त्यातच मोडलं. दादा कुणाशी बोलेनात. दोन-तीन महिन्यांनी एकदा जेवता जेवता त्यांनी मान वर केली.

"बाय, तो विसावा मीच काय गो?"

हे सुनंदानेच आम्हाला सांगितलं, अगदी सपाट आवाजात. आणि लगेच वही उघडून म्हणाली, "सर, मागच्या वेळचं प्रमाण विचलन राहिलंय."

*

मग सरांच्या डोक्यात गाठ निघाली. मुंबईचे सर्जन म्हणाले, "ऐंशी टक्के चान्स आहे."

सरांनी विचारलं, "किती पेशंटवरून काढलेत?"

डॉक्टर म्हणाले, "पाच."

"म्हणजे चार वाचले. सरळ सांगा की!"

सर वाचले. पण उजवा हात गेला. तीन महिन्यांनी पोटमाळ्याचा जिना एक एक पायरी चढून आले आणि डाव्या हातात खडू धरला. अक्षरं लहान मुलासारखी. आम्ही खाली बघत बसलो.

"डॉक्टरांचं गणित चुकलं नाही," सर म्हणाले. "जगणं आणि मरणं, दोनच शक्यता धरल्या होत्या. हात यादीतच नव्हता!"

*

स्वतंत्र घटनांचा धडा. सरांनी म्हात्रेसाठी मुद्दाम प्लँटचं उदाहरण घेतलं. एका टाकीला दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. प्रत्येक शंभरात एकदा दगा देतो. दोन्ही एकदम?

"दहा हजारांत एकदा," मी म्हणालो.

"नाय," म्हात्रे म्हणाला. "आमच्याकडचे दोन्ही एकाच लायनीवर हायत. एकाच वेळी बसवलेले, एकाच माणसानं. एक चोंदला की दुसरा पण चोंदणार."

सर हळूच म्हणाले, "मग उत्तर काय?"

"शंभरात एकदा."

हे गणित त्याने इंग्रजीत नीट मांडून मॅनेजरला दिलं. मॅनेजर म्हणाला, "म्हात्रे, तू ऑपरेटर की प्रोफेसर?" कागद फाइलला गेला.

*

पुढच्या वर्षी, एका शनिवारी दुपारी, टाकी फुटली. मी लॅबमध्ये होतो, काचा माझ्या टेबलावर आल्या. म्हात्रेची त्या दिवशी खरं तर रात्रपाळी होती. रविवारी वर्गाला जागरण नको म्हणून त्याने ती दुपारच्या शिफ्टशी बदलून घेतली होती. टाकीपाशी तोच होता, जागच्या जागी गेला.

चौकशी झाली. रिपोर्टमधलं एक वाक्य मला पाठ आहे. "दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी निकामी होणे हा अत्यंत दुर्मीळ योगायोग होय."

*

महिन्याभराने एका रविवारी जिन्यात पावलं वाजली. म्हात्रेची बायको, कमल. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. हातात त्याची वही.

"शिफ्टला जायच्या आधी हे करत बसलेले," ती सरांना म्हणाली. "मला वाचता नाय येत. बरोबर हाय का तेवढं सांगा."

सरांनी वही घेतली. दोन पानांचं गणित होतं. ते बराच वेळ वाचत राहिले. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, सर, हो म्हणा. एवढंच म्हणा.

"चुकलंय," सर म्हणाले.

"कुठं?"

सरांनी तिला जवळ बसवलं. डाव्या हाताने ओळीओळीवर बोट ठेवत सांगू लागले. इथे हे धरलं, त्यातून हे आलं, इथवर सगळं बरोबर, आणि इथे वजाच्या जागी अधिक पडलं. कमल प्रत्येक ओळीला "व्हय" म्हणत होती. तासभर तरी गेला असेल. शेवटी सरांनी ते चिन्ह दुरुस्त करून खाली उत्तर लिहिलं.

कमल त्या चिन्हाकडे बघत राहिली.

"म्हंजे थोडक्यात चुकला."

"हो," सर म्हणाले. "थोडक्यात."

तिने वही मिटली, पदराखाली धरली आणि जिना उतरून गेली.