मायच्या नावचा परवाना

आमच्या घरात शेती नव्हती, परवाना होता. देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या शिवेला लागून आमचं गाव. निजामाच्या काळात पणजोबांनी शिंदीच्या झाडांचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेतला होता. पुढं शिंदी गेली, देशी आली. परवाना आजोबांच्या नावावर झाला, मग बापाच्या. बाप वारल्यावर वारस म्हणून मायच्या. दुकान चालवतो माझा धाकटा भाऊ. माय त्या दुकानाची पायरी कधी चढली नाही, पण पाटीवर ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ या अक्षरांखाली नाव तिचं.

मी घरातली पहिली पदवीधर. लातूरला ज्युनियर कॉलेजात शिकवते. वडील काय करायचे असं स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की सरळ सांगते, दारूचं दुकान होतं. समोरचा विषय बदलतो. बदलू दे. त्याच दुकानानं मला शिकवलं.

मार्च आला की परवान्याच्या नूतनीकरणासाठी भाऊ मायला नांदेडला न्यायचा. ती पदर डोक्यावरून पुढं ओढून ऑफिसच्या बाकावर बसायची आणि बोलावलं की सही करायची. “माझं नाव काढ रे,” असं ती दरसाल म्हणायची. तो म्हणायचा, “माय, नाव बदलायचं म्हणजे सगळे कागद पुन्हा. चालून राहिलंय तसं चालू दे.”

मग गावातल्या बायकांनी बाटली आडवी करायचं ठरवलं. बायकांनी अर्ज केला की मतदान लागतं. चिठ्ठीवर एक बाटली उभी, एक आडवी. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होते तेव्हा त्या बायका अर्जावर सह्या घेत आमच्या दारात आल्या.

“वहिनी, तुमची बी सही पायजे,” त्यांच्यातली पुढारीण म्हणाली.

“माझ्याच दुकानावर?”

“मग? माझा नवरा रोज तुमच्याच नावाखाली जाऊन बसतो. घरी माझं नाव इतकं घेत न्हाई.”

बायका हसल्या. मायही हसली, पण सही केली नाही. चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्या गेल्यावर मला म्हणाली, “कागदावर सही केली तर पोरगं बघंल. चिठ्ठी कुणी बघतं का?”

“न्हाई.”

“मग तू ये त्या दिवशी. तुझं नाव हाय अजून हितल्या यादीत. मला त्या पाटीवरून उतरायचंय.”

मी आले. शाळेसमोर रांग होती, उन्हात, शाळेच्या भिंतीला धरून. मायला बघून दोघीतिघींनी एकमेकींना कोपर मारलं. भावानं कुणाला अडवलं नाही, कुणाला साडी वाटली नाही. त्याला गरजच नव्हती. सासरी गेलेल्या लेकीचं नाव यादीतून काढायला आमच्याकडं माहेरचा जीव होत नाही, नाव कापणं म्हणजे लेक तुटणं. अशी माझ्यासारखी कितीतरी नावं यादीत. कुणी उदगीरला, कुणी बिदरला. पुढारणीच्या दोन्ही लेकी निजामाबादला, त्याही यादीत. आणि जी आली नाही, तिचं मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं.

शिक्के मोजले तर आडवीला ढीग, उभीला चिमूटभर. तरी निम्मी यादी भरली नाही. दुकान राहिलं. पुढारीण शाळेच्या ओट्यावर किती तरी वेळ बसून होती. मी जाऊन काय बोलणार होते? मी तर त्याच घरची.

घरी भावजय भाकरी वाढत होती. माय भावाला म्हणाली, “म्या आडवी केली.”

“ठावं हाय.”

“मी पण,” मी म्हणाले.

“तू तर मास्तरीण. तुझं धरूनच चाललो होतो, अक्का.” तो जेवत राहिला. “बाहेरच्याला काय बोलावं, घरातूनच दोन गेली.”

“औंदा मार्चला म्या नांदेडला सहीला येणार न्हाई,” माय म्हणाली. “तुला दुकान पायजे ना? तुझ्या नावानं चालव.”

त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. भांडण होईल असं मला वाटलं होतं. तो नुसतं “बरं” म्हणाला, आणि त्या एका शब्दात तोही किती थकलाय ते कळलं.

सगळे कागद पुन्हा झाले. बऱ्याच चकरांनंतर शेवटच्या सहीला मी मायसोबत नांदेडला गेले. परतीच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली.

“सुटलीस एकदाची,” मी म्हणाले.

ती बाहेर बघत म्हणाली, “म्या सुटले. आता गावातल्या बायका सूनबाईला टोमणे मारतील. नवऱ्याचं नाव पाटीवर म्हणून.”